बसलेल्यांचे आक्रमण : महाविद्यालयीन खो-खोसाठी एक प्रस्तावना

खो-खोत आक्रमण करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात आणि त्यांतले आठ बसलेले असतात. नऊ मिनिटांच्या पाळीत कोणत्याही क्षणी पळत असतो तो एकच. प्रेक्षकांची नजर त्याच्यावर, टाळ्या त्याने मारलेल्या सुराला, वर्तमानपत्रात नावही त्याचेच. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत सरावसुद्धा त्याच्याच हिशेबाने चालतो. मैदानाला फेऱ्या मारा, खांबावर सूर मारा, मग दोन संघ पाडा आणि खेळा. पुढची पाने उरलेल्या आठांविषयी आहेत, आणि त्या आठांना उठवणाऱ्या एका शब्दाविषयी.

हे लिखाण धार आणि देवास इथल्या महाविद्यालयीन संघांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. त्याला कारण आहे. अठराव्या शतकात पवारांनी माळव्यात पाय रोवले तेव्हापासून या दोन्ही गावांत मराठी घरे आहेत. धारला एक गादी आणि देवासला दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार 1947 मध्ये शहाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर गेले, इतके महाराष्ट्राशी इथले नाते जिवंत होते. खो-खोला आजचे वळण ज्या गावांनी दिले त्यांच्याशीही इथल्या मराठी घरांचे सोयरेसंबंध पूर्वापार आहेत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात 1914 च्या सुमारास या खेळाचे नियम बसवले गेले, 1924 मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने आपली नियमावली छापली, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्याला झाली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापुरात स्त्रियांची. मध्य प्रदेशाने या खेळाला नीलिमा सरोलकर आणि सुषमा सरोलकर दिल्या. पहिलीला 1974 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, दुसरीला 1981 चा. खो-खो हा महाराष्ट्राचा खेळ आणि माळव्यात तो पाहुणा, असे समजणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

धारची महाविद्यालये इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, देवासची उज्जैनच्या विद्यापीठाला. गावे एकाच माळव्यातली, पण विद्यापीठे वेगळी. त्यामुळे धारचा मुलगा आणि देवासचा मुलगा एकाच संघात सहसा येत नाहीत. ते एकमेकांना भेटतात ते पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत, आणि तिथेच पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांचे संघही समोर येतात. माझे निरीक्षण असे की वेगात आपली मुले-मुली कमी पडत नाहीत. आदिवासी पट्ट्यातून धारला शिकायला आलेली मुले तर पायांनी कोणालाही ऐकत नाहीत. उणीव दिसते ती पाचव्या-सहाव्या मिनिटाला. समोरचा एक कसलेला संरक्षक टिकून राहतो, आपला आक्रमक त्याच्यामागे धावून दमतो, खो उशिरा पडतो किंवा चुकीच्या गड्याला पडतो, पंचांची शिट्टी वाजते आणि मिनिट निघून जाते. सूर उत्तम असूनही गडी बाद होत नाही, कारण सूर मारावा अशी जागाच तयार झालेली नसते.

ती जागा बसलेले तयार करतात. ते कसे, हे समजण्यासाठी मैदानाची रचना नीट पाहिली पाहिजे. वर्षानुवर्षे खेळलेल्यांनीही ती अनेकदा नीट पाहिलेली नसते.

दोन खांबांना जोडणाऱ्या मधल्या पाटीवर आठ चौकोन आहेत. त्यांत आठ आक्रमक एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. खो पाठीमागूनच द्यायचा असतो. म्हणजे पळणारा आक्रमक ज्या बाजूला असेल, त्या बाजूला ज्यांची पाठ आहे अशा चौघांनाच तो खो देऊ शकतो. उरलेले चौघे त्या क्षणापुरते त्याच्या कामाचे नाहीत. दोन शेजारी चौकोनांच्या मध्यांत अडीच मीटरच्या आसपास अंतर असते. असा गडी एकाआड एकच असल्याने खो देण्याजोग्या दोन गड्यांमधले अंतर साधारण पाच मीटर होते. एक गडी हुकला की पाच मीटर वाया गेले. शिवाय चौकोनाची आडवी पाटी ओलांडून पुढे गेल्यावर मागे वळून त्या गड्याला खो देता येत नाही, आणि खांद्याची रेषा एकदा एका दिशेला वळली की खांबाच्या रेषेपर्यंत दिशा बदलता येत नाही. मधली पाटी आक्रमकाला ओलांडता येत नाही, संरक्षक मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा आरपार जातो. नियमांनी आक्रमकाचे हात बांधले आहेत आणि सोडवणुकीचा एकच मार्ग ठेवला आहे, तो खो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खो देणारा ठरवतो की कोणाला उठवायचे आणि केव्हा. बाजू आपोआप ठरते, कारण उठणाऱ्याचे तोंड ज्या बाजूला आहे त्याच बाजूला त्याला जावे लागते. पण त्या बाजूला गेल्यावर डाव्या खांबाकडे वळायचे की उजव्या, हे उठणारा ठरवतो. म्हणजे आक्रमणाचा प्रत्येक निर्णय दोन माणसांत वाटलेला आहे आणि त्या दोघांना बोलायला वेळ नाही. एकाने उत्तम निर्णय घेतला आणि दुसऱ्याने उलट दिशा धरली, तर संरक्षकाला आयतीच सुटका मिळते. महाविद्यालयीन सामन्यात वाया जाणाऱ्या वेळाचा मोठा भाग या एका फटीतून गळतो. दोघेही चांगले खेळाडू असतात आणि दोघांचेही चुकलेले नसते. त्यांचे आधी ठरलेलेच नसते, इतकेच.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत जो फुटबॉल खेळतात, त्यात हे दुखणे फार पूर्वी ओळखले गेले. तिथेही चेंडू घेऊन पळणारा नावाजला जातो, पण त्याच्यासाठी वाट मोकळी करतात ते पुढच्या फळीतले पाच धिप्पाड गडी. साधारणपणे त्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचीही मुभा नसते. तिथले प्रशिक्षक पराभवानंतर आधी त्या फळीकडे पाहतात आणि मग चाल सांगणाऱ्याकडे. मात्र त्यांना एक सवड आहे जी आपल्याला नाही. त्यांचा खेळ प्रत्येक चालीनंतर थांबतो, चाळीस सेकंदांचे घड्याळ चालू होते, तेवढ्यात बाहेरून पुढची चाल सांगता येते आणि सगळे ती ऐकून जागेवर जातात. खो-खो थांबत नाही. नऊ मिनिटे अखंड चालतो. म्हणून आपल्याकडे चाल सांगण्याचे काम सामन्याच्या आधीच, सरावात, अंगात मुरवावे लागते. सामन्यात फक्त तिची आठवण करून देता येते.

बसण्यापासून सुरुवात करू. बसणे ही विश्रांती समजली जाते आणि तिथेच घात होतो. चौकोनात दोन्ही पाय आत ठेवून, वजन चवड्यांवर, पार्श्वभाग टाचांपासून किंचित वर, नजर समोरच्या बाजूला आणि कान मागे, अशी ती स्थिती आहे. दोन्ही चवडे समांतर ठेवून बसले तर डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच सहजतेने उठता येते. एक पाय पुढे, एक मागे असे बसले तर पहिले पाऊल जोरदार पडते, पण एकाच दिशेला. प्रशिक्षकांत यावर वाद आहेत. माझे मत स्पष्ट आहे. मधल्या चौघांनी समांतर बसावे, कारण त्यांना कोणत्याही बाजूला वळावे लागू शकते. खांबाजवळच्यांनी पुढे-मागे पाय ठेवून बसायला हरकत नाही. पण पायाच्या स्थितीपेक्षाही महत्त्वाचे आहे ते पाळीच्या शेवटपर्यंत ती टिकवणे. सहाव्या मिनिटाला मुले टाचांवर बसलेली दिसतात. तिथून उठायला लागणारा अर्धा क्षण संरक्षकाला पुरतो. म्हणून मांड्या आणि पोटऱ्यांची ताकद वाढवण्याचे व्यायाम पळण्याच्या व्यायामाइतकेच आवश्यक आहेत, आणि बसून-उठून धावण्याचा सराव नऊ मिनिटांच्या हिशेबानेच झाला पाहिजे.

बसलेल्याचे दुसरे काम पाहण्याचे. मैदानात एका वेळी असणारे तिन्ही संरक्षक कुठे आहेत, मान वळवून याची नोंद प्रत्येकाने सतत ठेवायची. खो मिळाल्यावर पाहायला लागणारा खेळाडू उशीर करतो. खो मिळण्याआधीच ज्याने ठरवले आहे की आत्ता उठलो तर डावीकडे, तोच वेळेवर निघतो. हे शिकवण्याची एक साधी पद्धत आहे. सरावात मध्येच खेळ थांबवावा आणि बसलेल्या प्रत्येकाला डोळे मिटून तिन्ही संरक्षकांच्या जागा दाखवायला सांगाव्यात. सुरुवातीला निम्म्यांना जमत नाही. काही आठवड्यांत जमू लागते, आणि ते जमू लागले की खेळातला गोंधळ कमी झालेला बाहेरून पाहणाऱ्यालाही कळतो.

तिसरी गोष्ट अशी की ही फळी स्थिर नसते. खो देणारा उठलेल्याच्या चौकोनात जाऊन बसतो. म्हणजे प्रत्येक खोबरोबर माणसे जागा बदलतात. पाळीच्या सुरुवातीला खांबाजवळ बसवलेला सुराचा पट्टीचा गडी दोन मिनिटांत मधोमध जाऊन पोहोचतो आणि खांबाशी असा कोणीतरी येतो ज्याला खांब धरून अंग झोकणे जमतच नाही. पुष्कळ संघ सुरुवातीची रचना कागदावर काळजीपूर्वक आखतात आणि मग खेळ तिला कुठे नेईल तिथे जाऊ देतात. चांगले संघ असे करत नाहीत. खांबाजवळच्या गड्याला ते अगदी गरजेशिवाय उठवत नाहीत, आणि उठवावे लागलेच तर पुढच्या काही खोंमध्ये त्याला परत त्या टोकाला आणण्याचा प्रयत्न करतात. कोण कुठे वाहून गेला आहे याचे भान ठेवणारा एक जण संघात असावा लागतो. तो कर्णधारच असला पाहिजे असे नाही. बहुतेकदा तो वेगाने सगळ्यात पुढे नसलेला पण डोक्याने शांत असा गडी असतो, आणि निवड चाचणीत पहिल्यांदा वगळला जातो तो नेमका तोच.

आता संरक्षकांच्या चाली आणि त्यांना द्यायची उत्तरे. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग यावरच आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो.

एकेरी साखळीत संरक्षक प्रत्येक गड्याच्या मधून आरपार जात, एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत राहतो. आक्रमक शेजारच्याला खो देतो, तो उठतो तोवर संरक्षक पुढच्या फटीतून निघालेला असतो. दोघांची लय जुळते, आणि लय जुळली की फायदा संरक्षकाचा, कारण तो लयीच्या पुढे एक पाऊल असतो. उत्तर असे की लय मोडायची. जवळच्या गड्याला खो न देता त्यापुढच्या खो देण्याजोग्या गड्यापर्यंत धावत जायचे आणि तिथे उठवायचे, म्हणजे नवा आक्रमक संरक्षकाच्या मागे न उठता त्याच्या बरोबरीला किंवा पुढे उठतो. पण हे एकट्याने करून चालत नाही. सोडून दिलेल्या गड्याने घाईने अंग हलवायचे नाही आणि पुढच्याने मात्र सज्ज असायचे, हे दोघांनाही माहीत असले पाहिजे. दुहेरी साखळीत संरक्षक दोन-दोन गडी सोडून वळतो. तिथे उशिरा खो उपयोगी पडतो. संरक्षकाने वळायला खांदा टाकला की मग हात लावायचा, त्याआधी नाही. रिंगण करून एकाच टोकाला फिरणाऱ्या संरक्षकाला मात्र धावून पकडता येत नाही. त्याला खांबाकडे ढकलावे लागते. खांबाच्या रेषेपलीकडे आक्रमकाला दिशा बदलता येते, आणि तिथेच खांब एका हाताने धरून अंग लांबवून गडी टिपता येतो. आक्रमकाची मुक्तता खांबाशी आहे, म्हणून जाणता संरक्षक खांबापासून दूर राहतो आणि जाणते आक्रमण त्याला तिथेच नेते.

यात एक भाग असा आहे ज्याकडे आपल्याकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही, तो म्हणजे नवी तुकडी आत येण्याचा क्षण. संरक्षक तिघा-तिघांच्या तुकडीने येतात. तिसरा बाद झाला की पुढच्या तिघांना दोन खो पडण्याच्या आत मैदानात यावे लागते, आणि ज्याने तिसरा टिपला त्याने लगेच खो द्यायचा असतो, येणाऱ्यांमागे धावायचे नसते. येणारे तिघे त्या क्षणी विखुरलेले नसतात, एकाच बाजूने आत शिरतात आणि अजून अंगात लय आलेली नसते. त्या पहिल्या दोन-तीन खोंमध्ये कोणाला उठवायचे हे आधी ठरलेले असेल, तर एक गडी लगेच मिळू शकतो. आपले संघ या क्षणी टाळ्या वाजवत असतात. तिसरा गडी बाद झाल्याचा आनंद खरा आहे, पण तो व्यक्त करायला पाळी संपल्यावर वेळ मिळतो.

शिट्टीविषयीही बोलले पाहिजे. हात पाठीला लागण्याआधी तोंडाने खो म्हटले, खो मिळण्याआधी बसलेला उठला, चौकोन ओलांडल्यावर खो दिला, मधली पाटी तुडवली, अशा चुकांनंतर पंच आक्रमकाला उलट दिशेने जायला लावतो. उलट दिशेला जाणे म्हणजे संरक्षकाला काही सेकंदांचा श्वास. एका पाळीत अशा चुका किती झाल्या आणि प्रत्येकीत किती सेकंद गेले हे मोजावे. त्यासाठी एक वही आणि घड्याळ पुरे. बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूंपैकी एकाने हे करावे. त्याच वहीत प्रत्येक बाद गड्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : शेवटचा खो कोणी दिला, कोणाला दिला आणि गडी कुठे टिपला, खांबाशी की मधे. आज गुणपत्रकावर गडी टिपणाऱ्याच्याच नावे गुण लिहिला जातो. ही वही महिनाभर ठेवली तर संघाला कळेल की ज्याच्या नावावर फारसे गडी नाहीत अशा एखाद्याच्या खोवर सर्वांत जास्त गडी पडले आहेत. अशा खेळाडूला ते सांगावे. खेळाडू चांगला होण्यासाठी त्याला आपण नेमके काय चांगले करतो हे कळावे लागते.

मग चाल सांगायची कोणी? माझे उत्तर असे की संघात एकच आवाज असावा, आणि तो बसलेल्यांपैकी मधल्या दोन चौकोनांच्या आसपास असणाऱ्याचा असावा. बाहेरून प्रशिक्षक ओरडतो, प्रेक्षक ओरडतात, राखीव ओरडतात, त्यात कोणाचे काहीच ऐकू येत नाही. शब्द थोडे असावेत आणि आधी ठरलेले असावेत. एक शब्द लय मोडण्यासाठी, एक खांबाकडे न्यायला, एक थांबून उशिरा खो देण्यासाठी. शब्द मराठी असोत की हिंदी, माळव्यात घरात मराठी आणि मैदानावर हिंदी हे चालतच आले आहे. पण तो शब्द सगळ्यांना एकच अर्थ सांगणारा असावा. दिशेसाठी या पुस्तकात हाताची पद्धत सुचवली आहे. खो देताना पाठीच्या डाव्या अंगाला स्पर्श म्हणजे डावीकडे, उजव्या अंगाला म्हणजे उजवीकडे. नियमाला तो खोच असतो, उठणाऱ्याला त्यात दिशा मिळते. मात्र उठणाऱ्याला हा संकेत मोडण्याचा अधिकार असला पाहिजे, कारण समोरचे त्याला दिसते आहे आणि देणाऱ्याला दिसलेच असेल असे नाही. आधी आज्ञा पाळायला शिकवा आणि मग ती केव्हा मोडायची ते. हा क्रम उलटा केला तर संघ बनत नाही.

गेल्या काही वर्षांत खेळ झपाट्याने बदलला. 2022 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने वजीर आणला. हा आक्रमक दिशेच्या बंधनातून मोकळा असतो आणि कुठेही वळू शकतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यांत भारताच्या स्त्रियांनी नेपाळला 78-40 असे आणि पुरुषांनी नेपाळलाच 54-36 असे हरवले. स्त्रियांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. त्या पुरुष संघात मध्य प्रदेशचा सचिन भार्गो होता. वजीर आल्यावर काहींना वाटले की आता बसलेल्यांचे महत्त्व कमी होईल. सामने नीट पाहिले तर उलटे दिसते. वजीर केव्हा उठवायचा, त्याच्यासाठी संरक्षकांना आधी कुठे नेऊन ठेवायचे, हे ठरवणे अधिकच अवघड झाले आहे. ज्या संघाला साधा खो वेळेवर देता येत नाही, तो वजिरालाही वाया घालवतो.

महाविद्यालयाच्या अडचणी मला ठाऊक आहेत. संघ स्पर्धेच्या तोंडावर निवडला जातो, मुलगा तयार होतो तोवर पदवी घेऊन निघून जातो, परीक्षा आणि सराव एकाच वेळी येतात. माळव्याची काळी माती पावसात पायाला धरते आणि उन्हाळ्यात तडे देते, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने मैदान खेळण्याजोगे राहत नाही. मोठ्या स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या आणि मातीवर घडलेल्या मुलांना तिथे पाय रोवायला वेळ लागतो. क्रीडा अधिकारी बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि त्याच्याकडे दहा खेळ असतात. याच कारणांसाठी मी बसलेल्यांच्या सरावावर भर देतो. वेग आणि सूर यांना मोकळे मैदान लागते, महिने लागतात. बसणे, पाहणे, वेळेवर खो देणे, दिशेचा संकेत, तुकडी येतानाची तयारी, हे सारे शाळेच्या व्हरांड्यात किंवा वसतिगृहाच्या अंगणातसुद्धा शिकवता येते. मुख्य म्हणजे ते एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे सोपवता येते. तिसऱ्या वर्षाचा मुलगा आपला सूर पहिल्या वर्षाच्या मुलाला देऊ शकत नाही. आपले संकेत, आपली वही आणि आपली नजर मात्र देऊ शकतो.

मुलींच्या संघांविषयी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. धार आणि देवासमध्ये पुष्कळ मुली शाळेत खो-खो खेळतात आणि महाविद्यालयात आल्यावर सोडून देतात. संध्याकाळचा उशीर, येण्याजाण्याची गैरसोय, घरचे काम ही कारणे सर्वांना माहीत आहेत. त्यांच्यासाठी सराव सकाळच्या तासांआधी ठेवावा, आणि शाळेतून आलेली प्रत्येक खेळाडू पहिल्याच आठवड्यात शोधून काढावी. ज्या राज्याने सरोलकर या आडनावाच्या दोन अर्जुन विजेत्या दिल्या, तिथे खो-खो खेळणारी मुलगी केवळ वेळापत्रकामुळे मैदानाबाहेर राहणे मला सहन होत नाही.

पुढील प्रकरणांत आकृत्या आहेत, चालींची नावे आहेत, आठवड्याचे वेळापत्रक आहे आणि वहीचा नमुना आहे. सगळे एकदम करू नका. क्रीडा अधिकाऱ्यांना आणि कर्णधारांना माझी विनंती एवढीच की यंदाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली की रोजच्या सरावातली पहिली वीस मिनिटे फक्त बसलेल्या आठांना द्या, त्या वेळात कोणालाही सूर मारू देऊ नका, आणि वही पहिल्या दिवसापासून सुरू करा.